सेलू, रात्री साडेनऊ

स्क्रीन विचारायलीय : विंडोज कुठं टाकू?
खाली यादी कोरी.
इलियास बायोसमध्ये जाऊन येतो,
तिथंही डिस्कच्या जागी नुसती रेघ.

"मेली का?" वाव्हळे मॅडम.
"थांबा हो. कान लावू द्या."
कॅबिनेट आडवं करून तो ऐकतो.
फिरायलीय. म्हणजे हाय,
फक्त ओळख देईना.

केबल बदलली. पोर्ट बदललं.
मग दिसला पिनांत अडकलेला
कापसाचा बारीक तंतू,
समोरच्या जिनिंगमधून आलेला.
फुंकर.

४६५ जीबी.
"पाचशेची घेतली होती मी."
"तेवढीच ऱ्हाती."

आता स्क्रीन दुसरंच विचारायलीय :
सगळं पुसू?
इलियासचं बोट एंटरवर,
नजर मॅडमकडं.
मॅडम पर्स धुंडाळायल्यात,
पेन ड्राइव्ह होता की इथंच