खोक्यावरचं नाव

पेपरात आठव्या पानावर चार ओळी:
प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीनं
ग्राफिक्स चिपवाली कंपनी घेतली.
आकडा एवढा, की शून्यं मोजेस्तोवर
चहावर साय धरली.

शाहूपुरीत, पाचव्या गल्लीत माझं दुकान.
त्या चिपची तीन कार्डं अजून कपाटात,
लाल खोकी, वर तलवारवाली कुणी बाई.
शेजारचा धनपाल मगदूम म्हणाला,
"आता वॉरंटी कोण देणार?"
"नवा मालक."
"आणि खोक्यावरचं नाव?"
मी काउंटर पुसत राहिलो.

दुपारी अतिग्रे पेंटर आले,
फ्लेक्सच्या प्रेसमधला पीसी रिक्षात घालून.
चित्र उघडलं की अडकतोय.
एकेकाळी टॉकीजसाठी वीस फुटी चेहरे रंगवायचे,
परांचीवर उभं राहून,
नाकाची कड एका फटक्यात.
मग लाटकरांनी प्रेस टाकली. मूळचे हिशेबनीस.
यांचं दुकान, शिड्या, गिऱ्हाईक
सगळं एका आकड्यात घेतलं.
यांनाही.
आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवर
पन्नास डोकी एका मापात बसवतात.
नखं अगदी स्वच्छ.

मी बातमी पुढं केली.
चष्मा कपाळावर सारून दोनदा वाचली त्यांनी.
"म्हंजे गणितवाल्यानं चितारी घेतला."
"तसंच."
"पगार वाढला काय रं त्याचा?"

लाल खोक्यातलं एक फोडलं, बसवलं.
स्क्रीनवर कुणा नगरसेवकाचा चेहरा
वरून खाली उतरत आला.
अतिग्रे पुढं वाकले
आणि काचेला न शिवता
अंगठ्यानं, हवेतच,
नाकाची कड सरळ केली.