पाव सेकंद

दिवसभर बर्डीवर मी चेहरे सरळ करतो.
हनुवटी थोडी वर. कान दिसू द्या.
हसू नका, पासपोर्टचा आहे.
पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर
रोज तीस-चाळीस माणसं बसतात
आणि श्वास धरून
स्वतःसारखं दिसणं थांबवतात.

रात्री दहाला दुकानाचं शटर पाडतो
आणि दुसरं उघडतो.

डिसेंबर. बॅटरी थंडीनं लवकर उतरते
म्हणून ती खिशात, मांडीला लावून.
मुंजे चौकात, मेट्रोच्या खांबाशी
स्वेटरवाली तिबेटी बाई
न विकलेला माल आवरते:
हात नसलेल्या शंभर बाह्या,
एकेक छातीवर दुमडून.
तिनं पाहिलं. मी कॅमेरा खाली केला.
काही फोटो असेच असतात माझ्याकडे,
न काढलेले, नीट फोकसमधले.

सगळीकडे आता पांढरे दिवे.
रस्ता दवाखान्यासारखा दिसतो,
कुत्र्यांच्या सावल्यासुद्धा धुतल्यासारख्या.
लोहापुलाच्या तोंडाशी एक पिवळा उरलाय, जुना,
मधूनच फडफडतो.
त्याच्यासाठी मी रोज वळसा घेतो.
आज त्याच्याखाली कुणीच नव्हतं.
तरी एक काढला.

दोन वाजता कॉटन मार्केट.
काटोलचा ट्रक लागलेला,
वास आधी येतो, मग संत्री.
हमालांच्या तोंडची वाफ, शेकोटीचा धूर, बिडीचा धूर,
कुठला कुणाचा, कळत नाही.
उजेड एकाच बल्बचा, तोही वायरीला लोंबणारा.
पाव सेकंदाखाली काही येतच नव्हतं.
भिंतीला खांदा लावला, दम रोखला, दाबलं.

"काय काढून राहिले जी?"
डोक्यावरचा टॉवेल सोडवत एक जण आला.
शालिक नाव. सावनेरकडचा.
मी स्क्रीन पुढे केली.
ट्रक होता. बल्ब होता. ताडपत्रीची गाठ होती.
माणसाच्या जागी एक करडी फुंकर,
वर हवेत क्रेट.

"मी कोठं आहो याच्यात?"
"तुम्ही हालले ना."
"हाललो नाही तं खाऊ काय?"
शेकोटीवरचे सगळे हसले.
मीही हसलो, उशिरा.

मग म्हणाला, द्या इकडं.
कुठलं बटन, एवढंच विचारलं.
क्रेट दोघांनी उचलून
माझ्या डोक्यावर ठेवलं.
वीस किलो असेल. जास्तही असेल.
टॉवेलची चुंबळ ओली होती,
दुसऱ्याच्या घामानं, अजून कोमट.
मान खांद्यांत बसली, गुडघ्यांना
कुठं जायचं ते सुचेना,
आणि समोरून तो, माझ्याच आवाजात:
"हनुवटी वर, साहेब. हसू नका."
हे त्याला कुणी सांगितलं?
कधीतरी बसला असेल माझ्याच स्टुलावर,
आधारसाठी, रेशनसाठी. मला आठवत नाही.

पाव सेकंद.
मी तोवर एवढा लांब कधी पाहिला नव्हता.

त्याच्या हातात कॅमेरा जरासुद्धा हलला नव्हता.
मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतो,
टपाखाली लटकवलेलं लिंबू-मिरचीसुद्धा मोजून घ्या.
मधे मी:
दोन बूट, त्यावर धूर,
धुराच्या वर संत्र्यांच्या केशरी रेघा
कुणी ओल्या बोटानं ओढल्यासारख्या.

शालिकनं स्क्रीन माझ्याकडे वळवली,
काही वेळ बोलला नाही.
मग अगदी हळू, समजूत काढल्यासारखं,
"तुम्ही हालले ना जी."

मुकादमानं हाक मारली. तो गेला.
जाताना एक संत्रं खिशात कोंबून गेला,
बॅटरीच्या खिशात.

चारला टपरीवर तर्री-पोहे.
लेन्सवर वाफ बसली, पुसली नाही.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक, कॉलेजातली पोरगी,
स्टुलावर चुळबुळ करत होती.
हलू नका, म्हणालो,
आणि माझी मान दुखली.