सहा पौंड

नाना पेठेत पोरवाल मान वर न करता म्हणाले,
"मिळणार नाही."
काय हवंय, ते मी अजून सांगितलं नव्हतं.
बाहेर उभी गाडी त्यांनी पाहिली होती, तेवढं पुरलं.

दोन हजार तीनची पॅलिओ, सोळाशे सीसी,
रंग एके काळी लाल.
कंपनी तिला विसरली, त्यालाही वर्षं झाली.
मी कसा विसरू,
तिसऱ्या गिअरात साडेचार हजारांच्या पुढचा तिचा आवाज
मला पायाच्या तळव्यानं ऐकू येतो.

खालच्या आर्मचा बुश हवा होता.
रबराचं एक कडं, आत लोखंडी नळी.
फाटका जुना खिशात घालून
भोसरीला ढमढेऱ्यांच्या लेथवर गेलो.
त्यांनी तो नखानं दाबला, वास घेतला,
व्हर्नियर लावला, पुन्हा वास घेतला.
"रबर नको, पॉलियुरेथेन घाला. टिकेल.
पण कंबर जाईल तुमची."

गेलीच.
टिळक रोडचा प्रत्येक खड्डा आता मला नावानं ओळखतो.
सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घेतो,
लाजऱ्या माणसानं पंगतीतून वाट काढावी तशी,
आणि वॉचमन आवटी खुर्ची वळवून
बघत बसतो.

फेरपासिंगला स्प्रिंगा जुन्या चढवल्या,
सायलेन्सर जुना, चेहरा गरीब.
साहेबांनी बॉनेटखाली बराच वेळ पाहिलं,
मग हळूच,
"अजून तेवढीच पळते का हो?"
हरित कर भरला. पाच वर्षं मिळाली शिक्क्यानिशी.
माझ्या पन्नाशीला असं कुणी लिहून दिलं नाही.

वानवडीला सायमन कसबेची पत्र्याची शेड,
एक जॅक, दोन मांजरं.
टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप,
"तिघं एकदम बदलायचे.
एकालाच नवं केलं की बाकीचे रुसतात."
हेडच्या पोर्टमध्ये पॉलिशपेपर गुंडाळलेलं बोट
तीन रात्री फिरत होतं, डोळे मिटून,
जणू आत कुणी झोपलंय
आणि त्याला उठवायचं नाहीये.

खर्चाची वही निशिगंधानं पाहिली.
बेरजेखाली पेन्सिलीनं लिहिलं:
आणि फ्रिज?

बंगलोर हायवेनं रात्रभर, कोइमतूरच्या ट्रॅकपर्यंत.
खंबाटकीत एसी बंद, हुबळीला चहा,
सेलमच्या आधी सायमन घोरला.
पोचल्यावर वजन उतरवलं: स्टेपनी, जॅक, मागची सीट.
सीटखाली निघालं एक खोडरबर, वाळलेलं लिंबू,
लेकीचं हरवलेलं आयकार्ड, इयत्ता दुसरी.
लेक आता नोकरी शोधतेय.
कार्ड वरच्या खिशात ठेवलं, हेल्मेट घातलं.

मागच्या वर्षीपेक्षा अर्धा सेकंद.
सतरा महिने, दीड लाख रुपये,
अर्धा सेकंद.
वळणावर माझे हात आत
आणि नाक बाहेर, हट्टी, सरळ गवताकडे.

सायमननं पुढच्या टायरवर तळहात ठेवला
आणि चटकन काढला.
"सकाळी हवा किती भरली?"
"तीस."
गेजवर छत्तीस.
"तापलं की फुगतं. माणूस काय, टायर काय."
व्हॉल्व नखानं दाबला.
फुस्स.
दोन्हीकडे सहा-सहा पौंड.

पुढच्या फेरीत वळण आपणहून आत आलं.
दोन सेकंद.
फुकट.
मी पिटमध्ये इंजिन बंद करून बराच वेळ
कुणाकडे बघितलं नाही.

परतताना, पहाटे, कात्रजच्या पंपावर
पोरानं पाइप ओढत विचारलं, किती ठेवू?
सायमन झोपलेला, तळहात उघडा,
त्यावर टपोरा फोड.
तीस, म्हणालो.
घरी जायचं होतं,
आणि वाटेत स्पीडब्रेकर अकरा.