मागच्या डाव्या चाकाची माती

सोमवारी पहाटे पावणेसहाला
नेरुळच्या आमच्या इमारतीखाली, खांबांच्या मधोमध
यमनप्पा बादली ठेवतो
आणि गाडी धुवायचं सोडून
मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून राहतो.
मी दुधाची पिशवी घेऊन परततोय.
वाटलं, टायर बसला.

शुक्रवारी रात्री निघालो होतो,
मसाला मार्केटातला न जुळणारा हिशेब तसाच टाकून.
उल्का म्हणाली, जुळेल तो, धणे कुठं पळून जातायत?
कळंबोलीला टाकी भरली,
घाटात ट्रकांमागे रांगत रांगत वर,
भिगवणच्या पुढे अंधारात नुसता पाण्याचा वास,
सोलापूरला तांबडं, विजापूरला ऊन.
गोलघुमटात भिंतीला तोंड लावून तिनं विचारलं,
'गॅस बंद केला होतास ना?'
आणि घुमटानं तेच
सात वेळा विचारलं मला.

दुपारी बदामी.
कात कालवून थापावा तसा डोंगर,
त्यात कोरलेला नाचणारा शंकर.
तिनं हात मोजले, सतरा.
मी मोजले, अठरा.
माकडानं मध्ये येऊन चष्म्याची डबी नेली
तेव्हा मोजणी थांबली.
बनशंकरीला पाटीवाल्या बाईनं
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही
नको म्हणताना वाढलं,
आणि पुन्हा वाढलं.
रविवारी ऐहोळेची वाट चुकलो,
कालव्याच्या कडेनं गाडी चिखलात रुतली.
दोन पोरांनी ढकलली. पैसे घेतले नाहीत,
फक्त हॉर्न वाजवू द्या म्हणाली.
रात्री दीडला उरण फाटा,
दोघंही गप्प, पाठी आखडलेल्या,
सगळं बघून झाल्यासारखे.

'आमच्याकडची हाय ही,' यमनप्पा म्हणतो.
बोटानं थोडी उकरतो, चिमटीत चोळतो.
'कोकणातली पाण्यानं लगेच जाते,
ही धरून बसते.'

अकरा वर्षं तो आमच्या गाड्या पुसतोय
आणि मला वाटायचं, सोलापूरकडचा असेल.
बदामीपासून चार कोसांवर त्याचं गाव.
लेण्यात? नाही, आत कधी गेला नाही.
शेरडं वरच्या कड्यावर असायची,
खाली तिकीट होतं.

मी उत्साहानं मोबाइल काढतो,
अठरा हातांचा शंकर दाखवतो.
तो मान डोलावतो, पाहुण्याच्या मुलाचा फोटो बघावा तसा.
मग विचारतो,
'तळ्यात पाणी किती हुतं?'

तळं.
होतं की. हिरवं होतं.
अर्धा तास काठावर बसलो होतो आम्ही,
मी पायातले मोजे सुकवत.
किती होतं, ते मात्र…
चाळीस फोटो मागे सरकवतो.
सापडतो एक.
उल्का डोळे मिटलेली, तिच्या खांद्यामागे
धुणं आपटणाऱ्या दोन बायका
आणि पाण्यात उतरत जाणारा दगडी घाट.

यमनप्पा ओला हात पँटला पुसतो,
मोबाइल घेतो, उल्काला बाजूला सारतो,
घाट मोठा करतो.
ओठ हलतात. ओंदु, एरडु, मूरु…
नऊवर थांबतो.
पुन्हा मोजतो. नऊच.
दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले.
'उन्हाळ्यात भावाला इकडं बोलवावं लागंल,'
तो मला नाही, चाकाला सांगितल्यासारखं म्हणतो.

मला काय बोलावं कळेना.
म्हणालो, राहू दे तेवढी माती, नको धुऊस.
तो हसला.
'सायेब, पैसे धुयाचे घेतो मी.'
आणि मग्गा भरून ओतला.
तांबडं पाणी उतारानं
चौथ्या मजल्यावरच्यांच्या गाडीखालून
जाळीत गेलं.

जिना चढत होतो तेव्हा मागून हाक आली.
तो फोटो पाठवाल का?
शंकराचा? मी विचारलं.
नाही नाही, दुसरा.
'वैनी कापल्या तरी चालतील.
पायऱ्या सगळ्या येऊ द्या.'