किरकोळ खर्च

नेरूळ, सेक्टर सहा. सिडकोच्या चार मजली इमारतीखाली
स्कूटरी बाजूला सारून मांडलेल्या तेवीस खुर्च्या.
वार्षिक सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक पाच:
वॉचमनच्या टॉर्चचे सेल, दोनशे चाळीस रुपये, पावती नाही.

खजिनदार पेंडुरकर घामाघूम.
"अहो, सेलची पावती कोण देतं?"
"मग आपण लिहून ठेवायची," मिठबावकर म्हणतात
मागच्या रांगेतून, न उठता.
"कुणाला दिले, कधी दिले, कशासाठी. तीन ओळी."
हेमांगी तांडेल कपाळाला हात लावतात.
चहा निवतो.
पाऊण तास, दोनशे चाळीस रुपयांवर.

इतिवृत्त मी लिहितो. हात बसलेला.
बावीस वर्षं दिल्लीत, संसदेच्या समिती-शाखेत
हेच केलं: कोण काय बोललं, कोण कुठे अडलं.
खतांवर समिती, रेल्वेतल्या चादरींवर समिती,
नारळाच्या काथ्यावर तर अकरा बैठका.
सचिव घोटभर पाणी पीत
आणि आम्ही लिहायचो: (साक्षीदार थांबले.)

देशाबाहेर काम करणाऱ्या त्या खात्यावर
समिती नव्हती.
एका खासदाराने शुक्रवारी दुपारी
खासगी विधेयक मांडलं. सभागृहात एकोणीस जण,
चार पेंगलेले.
मुदत संपली, विधेयक बुडालं,
त्याच्या पाठकोऱ्या प्रतींवर
माझ्या मुलीने त्रैराशिकं सोडवली.
आणि पैशांच्या मागण्या? संध्याकाळी सहाला
उरलेल्या सगळ्या एका दमात.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी
होयचे बहुमत.
त्या एका श्वासात किती परकी शहरं मंजूर झाली
ते लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

सभेनंतर मिठबावकर गच्चीवर,
टाकीला टेकून, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून.
नोकरीचं विचारलं की सांगतात: वकिलातीत, वाणिज्य विभाग.
शहराचं नाव घेत नाहीत. तिथे बर्फ पडायचा, एवढं
वहिनींच्या गुडघ्यामुळे साऱ्या जिन्याला ठाऊक.

खाडीकडून डास वर येत होते.
म्हणाले, "एक माणूस होता. दर महिन्याला पाकीट द्यायचो.
सही घ्यायचो. खोट्या नावाची, पण घ्यायचो.
मग वरून निरोप: थांबवा.
थांबवलं.
तीन आठवड्यांनी त्याची मुलगी दारात, सात-आठ वर्षांची.
हातात शेवटचं पाकीट. फोडलेलं नव्हतं.
मागायला नव्हती आली. परत करायला आली होती.

"बदली होऊन आलो तेव्हा उत्तर पाठ होतं.
वाटलं, बोलावतील. लांब टेबल असेल,
पलीकडे निवडून आलेली माणसं,
त्यातला कुणीतरी, चष्मा पुसत, सहज विचारेल:
त्या माणसाचं पुढे काय झालं?
एकतीस वर्षं झाली.
पेन्शन वेळेवर येते."

समिती-शाखेच्या माणसाने प्रश्न विचारायचा नसतो.
उभ्या नोकरीत एकही विचारला नाही.
आज विचारला.
"पुढे काय झालं?"

त्यांनी टाकीवर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला,
पाणी उतरलं होतं.
"शपथ आहे," म्हणाले. मग खाली वाकून पाहिलं.
"आणि ज्यांच्यासाठी घेतली
ती माणसं तिथे खुर्च्या आवरतायत."

रात्री इतिवृत्त पक्कं केलं.
ठराव: यापुढे विनापावती खर्च मंजूर होणार नाही.
सूचक, श्री. मिठबावकर.
अनुमोदकाची जागा रिकामी होती, तिथे माझं नाव घातलं.
त्याखाली, हाताच्या सवयीने:
(साक्षीदार थांबले.)
खोडायला पेन उचललं, ठेवलं.
सकाळी तांडेलबाई विचारतील, हे काय मध्येच?
विचारू देत.