काही नाही

सहाचा पिंजरा. वर सडबरीत उणे एकतीस,
दोन किलोमीटर खाली खडकाला ताप भरलेला.
निकेलवाले मधल्या थांब्यांवर उतरत जातात
दिवे घेऊन, डबे घेऊन, कालचं भांडण घेऊन.
बाबा त्यांच्यातलेच. ते वर काहीतरी आणायचे.
मी तळापर्यंत जाते, आणि पुसते.

चिखलातून दीड किलोमीटर,
मग आंघोळ. कपडे तिथले, टोपी तिथली,
डबासुद्धा पुसून आत.
बोटाचा एक ठसा म्हणजे ढोल बडवणं, ऑरेली म्हणते.
तिचं उपकरण म्हणजे आर्गॉनचा गारठलेला गोळा
आणि त्यावर टक लावलेले अडीचशे काचेचे डोळे.
विश्वातलं बहुतेक सामान आपल्यातून आरपार जातं म्हणे,
ना धक्का, ना सॉरी.
एखादं तरी अडखळेल, ठिणगी पडेल.
सात वर्षं झाली.

दिसत नाही, तर आहे कशावरून?
तिनं दीर्घिका, वेग, बरंच काही सांगितलं.
मला तळ्याकाठचं आमचं सौना आठवलं:
दिवा गेलेला, वाफेत स्वतःचा हात दिसेना,
आणि बाक माझ्या बाजूला जरासा वाकला.
"तेच," ऑरेली म्हणाली,
"आम्हाला फक्त बाक वाकलेला कळलाय."
मग आवाज उतरवून, जणू गोळा ऐकेल:
ते आपापसात बोलतही असतील.
आपल्या चार बळांपलीकडचं एखादं पाचवं,
त्यांच्यापुरतं,
भिंतीपलीकडच्या भाडेकरूंच्या भाषेसारखं.
आपल्याला कळलंच तर एखादं भांडं पडल्याचं कळेल.

नोव्हेंबरात पडली ठिणगी. दुसरी. तिसरी.
अकरा दिवस कोणी धड जेवलं नाही.
ऑरेली भरात माझ्याशी फ्रेंच बोलायची,
मी मान डोलवायचे.
बाराव्या दिवशी सापडलं: गोळ्याच्या मानेत,
जिथं कुणाचंच फडकं पोचत नाही,
धुळीचा कण.
मला कोणी काही बोललं नाही.
मी बादलीतलं पाणी बदललं, ते स्वच्छ असूनही.

रात्री तिनं वहीत लिहिलं, काही नाही,
आणि भिंतीवरच्या आलेखात
जुन्या रेघेच्या केसभर खाली नवी रेघ ओढली:
इथपर्यंत नाही.

रिकाम्या पाळीनंतर बाबाही हेच म्हणायचे,
दारात बूट उपसत. काही नाही.
आई चुलीकडून न वळता विचारायची,
किती खोल गेला होतात?