नाही, हो, नाही

पारोळ्याला रेस्ट हाउससमोर, निंबाखाली माझं दुकान.
एक लॅपटॉप, एक प्रिंटर, शिक्क्यांचा डबा,
आणि ऊन सरकेल तसं सरकणारं टेबल.
महिन्यातून दोनदा आरटीओचा कॅम्प.
लर्निंगचे फॉर्म मी भरतो. बावीस वर्षं झाली.

शारीरिक योग्यतेचं स्वयंघोषणापत्र, सात प्रश्न,
माझ्या बोटांना पाठ:
नाही, हो, नाही, हो, नाही, नाही, नाही.
फिट येते का, एकाएकी शुद्ध हरपते का? नाही.
पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो? हो.
हात-पाय गमावलाय? नाही.
लाल-हिरवं कळतं? हो.
रातांधळेपणा, बहिरेपणा, आणखी काही
ज्यानं लोकांच्या जिवाला धोका...
इथवर मी कधी वाचतच नाही.
समोरचा खिशातून आधार कार्ड काढेपर्यंत
मी त्याला ठणठणीत करून टाकलेला असतो.

चाळिशीपुढचे वाणी डॉक्टरांकडे जातात.
डॉक्टर सही करताना नाव तेवढं विचारतात.
एकदाच, वरून कुणी साहेब येणार होते म्हणून,
त्यांनी दाजीबा तेल्यांना खिडकीपाशी उभं केलं.
"त्या गाडीचा नंबर वाचा."
दाजीबांनी खडाखडा वाचला.
गाडी त्यांचीच होती.

महिनाभर हसलो आम्ही.
दाजीबा अजून चालवतात. समोरून आले
की मीच रस्ता सोडतो.

परवा ही आली. बहादरपूरची.
मोहिनी सैंदाणे, वय चोवीस,
जिनिंगमध्ये हिशेब लिहिते.
शेवटची बस साडेपाचला आणि हिशेब मिटतो सहाला,
म्हणून स्कूटी.
पहिल्या प्रश्नावर माझं बोट पडायच्या आत म्हणाली,
"भाऊ, तठे हो लिखा."

"ताई, हो लिहिलं की गाडं अडलं.
शेवटची कधी आली होती?"
"तीन वरीस व्हयनात."
"मग नाहीच की ते."
ती हसली.
"तुम्ही नाही लिखं, हाई फिटले कोन सांगी?"

बावीस वर्षांत असा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

मी तिला समजावलं. म्हटलं, सगळ्यांना तपासायचं ठरलं
तर निम्मा तालुका पायी चालेल.
कापसाचे ट्रक कोण हाकणार? रिक्षावाल्यांची पोरं
काय खाणार? आणि तपासणार तरी कोण,
वाणी डॉक्टर?
ती ऐकत होती. मान हलवत होती.
बोट मात्र पडद्यावर, 'हो'च्या शेजारी, तसंच.

लिहिलं मी. हो.
पडद्यावर लाल अक्षरं आली.

वाणी डॉक्टरांनी तिला बसायला खुर्ची दिली.
स्टेथोस्कोप खालच्या खणात सापडला,
रबराला चिरा पडलेला.
बराच वेळ ऐकत बसले,
जणू फिट छातीत असते.
मग चष्मा पुसून म्हणाले,
जळगावला जा, मेंदूच्या डॉक्टरांकडे,
त्यांनी लिहून दिलं तर मी कोण अडवणारा.
आणि फी घेतली नाही. हे मी प्रथमच पाहिलं.

त्या दिवशी एक्केचाळीस जणांना लर्निंग मिळालं.
तपासणी एकीचीच झाली,
आणि तीच स्टँडवर बसची वाट बघत होती,
फाइल मांडीवर, गोळ्यांचा डबा फाइलवर.
मी चहा पाठवला. दुसरं काय पाठवणार.

माझ्या लायसनची मुदत आषाढात संपते.
डाव्या डोळ्यावर दोन वर्षांपासून साय धरलीय,
घरी कुणाला सांगितलं नाही.
फॉर्म अर्थात मीच भरणार आहे.

संध्याकाळी टेबल उचललं, शिक्के डब्यात टाकले
आणि कुणी बघत नाही असं पाहून
निंबापासून लांब लांब टांगा टाकत पंचवीस मोजले.
वळलो. उजवा डोळा तळव्यानं झाकला.

निंबाखाली काहीतरी पांढरं उभं होतं.
नंबर मला पाठ नव्हता.